गोड वासाची चौकशी

प्रशासनाविषयी लिहिणाऱ्या माणसाने मोटारीच्या हीटरवर लेख लिहावा, हे काही वाचकांना विषयांतर वाटण्याचा संभव आहे. परंतु चौकशी कशी करावी, हे मला प्रशिक्षण संस्थेतील व्याख्यानांपेक्षा गोहलपुरच्या एका उघड्यावरच्या गॅरेजात अधिक चांगले समजले. ती हकीगत सांगितल्यावाचून पुढचे सांगता येणार नाही.

गोष्ट जानेवारी २०१९ मधली. मी तेव्हा जबलपूरला नेमणुकीवर होतो. जबलपूर म्हटले की आपल्या मराठी माणसाला भेडाघाट आठवतो, धुवाँधार आठवतो, आणि इतिहासाची आवड असेल तर १८१७ पर्यंत हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे होता हेही आठवते. गोहलपुर मात्र सहसा कोणाला आठवत नाही. शहराच्या उत्तर अंगाला, दमोह नाका आणि अधारताल यांच्या मधली ही दाट कष्टकरी वस्ती. आमचे बिऱ्हाड अधारतालकडे असल्यामुळे शहरात जाण्याचा माझा रोजचा रस्ता तिच्यातूनच होता.

गाडी माझी स्वतःची, नऊ वर्षांची, एकाही मोठ्या दुरुस्तीचे गालबोट न लागलेली. डिसेंबरच्या मध्यास एका संध्याकाळी सौ. म्हणाली, "अहो, गाडीत काकवी सांडली आहे का?" तिचे माहेर कोल्हापूरजवळचे, गुऱ्हाळाच्या शेजारी ती वाढलेली. काकवीचा वास ओळखण्यात तिची चूक होणे अवघड, हे मला कळायला हवे होते. मी हुंगल्यासारखे केले आणि म्हणालो, "बाहेरून येत असेल." दुसऱ्या आठवड्यात ती म्हणाली, "हीटर लावला की वास वाढतो, आणि माझे डोके दुखते." मी तापमानाच्या काट्याकडे बोट दाखविले. काटा बरोबर मध्यावर होता. "इंजीन ठीक आहे," असा निर्वाळा मी दिला. कार्यालयीन भाषेत सांगायचे तर तिची तक्रार मी 'पाहिली, दप्तरदाखल' असा शेरा मारून बंद केली.

तिसऱ्यांदा तक्रार आल्यावर गाडी एका सर्व्हिस सेंटरला नेली. तेथे संगणक जोडण्यात आला. पडद्यावर कोणताही दोष उमटला नाही. एसीचे फिल्टर बदलून आणि आत सुगंधी फवारा मारून त्यांनी बिल हाती ठेवले. पुढले चार दिवस गाडीत मोगरा आणि काकवी असा मिश्र वास येत होता. पाचव्या दिवशी मोगरा गेला.

एक गोष्ट मी कोणाला सांगितली नव्हती. बॉनेटखालच्या प्लॅस्टिकच्या बाटलीतले कूलंट ऑक्टोबरपासून कमी होत होते, आणि दर दहा-बारा दिवसांनी मी तिच्यात घरच्या नळाचे पाणी ओतत होतो. नळाला येणारे पाणी बोअरचे. खाली जमिनीवर थेंबही दिसत नव्हता, तेव्हा ते पाणी जात कोठे होते हा प्रश्न अर्थशास्त्रात एम.ए. झालेल्या माणसाला पडावयास हवा होता. जमा आहे, खर्च आहे आणि मेळ बसत नाही, याचा अर्थ मी दुसऱ्यांच्या हिशेबात तात्काळ काढतो. स्वतःच्या बाबतीत मी दर वेळी पुरवणी मागणी मंजूर करीत राहिलो.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मुलगी सुट्टी संपवून परत निघाली. मदनमहाल स्टेशनवरून पहाटेची गाडी होती. बाहेर दाट धुके आणि पुढच्या काचेवर आतून वाफ. वाफ जावी म्हणून मी हीटरचा झोत काचेवर सोडला, तर काच स्वच्छ होण्याऐवजी पांढुरकी होत गेली. हाताने पुसली तर तेलकट पट्टे उमटले आणि समोरून येणाऱ्या दिव्याचे शंभर दिवे झाले. गोहलपुरच्या वळणावर डावीकडून एक मोटारसायकल आली ती मला दिसलीच नाही. मुलगी ओरडली म्हणून ब्रेक दाबला गेला. मोटारसायकलवाला दूधवाला होता. त्याने गाडी आडवी घातली, स्वतः पायांवर उभा राहिला, पण दोन कॅनपैकी एक रस्त्यावर उलटला. कोणाला खरचटलेही नाही, हे केवळ दैव. धुक्यात पसरत जाणारे ते दूध पाहताना माझे हात थरथरत होते.

दूधवाल्याला भरपाई दिली. त्याने पैसे मोजून घेतले, माझ्या काचेवरून एक बोट फिरविले, ते नाकाशी नेले आणि म्हणाला, "साहब, ये कोहरा बाहर का नहीं है." तीन आठवडे मी जे मानायला तयार नव्हतो, ते त्याने एका बोटाने सांगितले. मुलीला ऑटोरिक्षात बसवून दिले. मी मात्र दूधवाल्याने दाखविलेल्या गल्लीत, त्याच्याच ओळखीच्या मिस्त्रीच्या दारात, उजाडण्याची वाट पाहत बसलो.

मिस्त्रींना सारे उस्ताद म्हणत. साठी उलटलेली, डोक्याला लोकरी टोपी. जबलपूरच्या व्हेइकल फॅक्टरीत त्यांची उमर गेली होती. १९६९ साली स्थापन झालेल्या या कारखान्याने शक्तिमान ट्रक आणि जोंगा या गाड्या लष्कराला वर्षानुवर्षे पुरविल्या, त्यांच्या इंजिनांवर उस्तादांचा हात बसलेला. त्यांनी बॉनेट उघडले नाही. आधी स्टूल ओढून बसले आणि विचारले, "वास प्रथम कोणाला आला?"

मी म्हणालो, "पत्नीला."

"त्या काय म्हणाल्या, ते त्यांच्याच शब्दांत सांगा."

मी सांगितले. काकवी, हीटर लावल्यावर वाढणे, डोकेदुखी. उस्ताद म्हणाले, "मग निम्मी तपासणी त्यांनी केलेली आहे." बाहेरच्या होजमधून किंवा रेडिएटरमधून कूलंट गळत असेल, तर वास बाहेरची हवा आत घेतली की येतो आणि गाडी उभी असताना जास्त जाणवतो. हीटर चालू केल्यावरच वाढत असेल, तर गळती डॅशबोर्डच्या आत आहे. तेथे बुकाएवढा एक लहान रेडिएटर असतो, त्याला हीटर कोअर म्हणतात. इंजिनातले गरम कूलंट त्यातून फिरते, पंखा त्यावरून हवा फुंकतो आणि तीच ऊब आपल्याला लागते. त्याला बारीक भोक पडले की कूलंटची वाफ सरळ प्रवाशांच्या नाकात जाते. तीच वाफ थंड काचेवर थिजून तेलकट थर धरते. काच साफ करण्यासाठी मी जो झोत सोडला, तोच काच माखत होता.

हे सारे सांगूनही उस्तादांनी निदान जाहीर केले नाही. इंजीन थंड होऊ दिले. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये, आतले पाणी दाबाखाली असते आणि झाकण निघताच उसळून अंग भाजते, हे त्यांनी मदतनीस पोराला माझ्यासमोर पुन्हा बजावले. मग झाकण काढले. पातळी चार बोटे खाली होती. क्रमाक्रमाने एकेक संशयित बाजूला करण्यात आला. ऑइलची पट्टी ओढून पाहिली. तेल दुधाळ झालेले नव्हते. सायलेन्सरमधून गोडसर पांढरा धूर नव्हता. म्हणजे हेड गॅस्केट निर्दोष. पाण्याच्या पंपाखाली ओघळ नव्हता, होजच्या क्लिपांवर हिरवट पांढरी साय धरलेली नव्हती. त्यानंतर डाव्या बाजूचा गालिचा उचलला. खालचा फोम चिंब ओला. एसीचे पाणीही कधी कधी येथे उतरते, परंतु ते निर्मळ आणि बिनवासाचे असते. हे बुळबुळीत होते आणि बोटाला फिकट हिरवे लागत होते. पोराने सवयीने बोट तोंडाकडे नेले. उस्तादांनी त्याचे मनगट धरले. "चखना नहीं," एवढेच म्हणाले.

मला वाटले, आता झाले. पुरावा हाती आला. परंतु उस्तादांना अजून खात्री करावयाची होती. त्यांनी एक हातपंप आणला, त्याला घड्याळासारखी तबकडी होती. रेडिएटरच्या तोंडाला तो जोडून सुमारे एक किलो दाब भरला आणि आम्ही चहा घेतला. दहा मिनिटांत काटा बराच खाली आला. मग इंजीन आणि डॅशबोर्ड यांमधल्या पत्र्यातून हीटरकडे जाणाऱ्या दोन रबरी नळ्या त्यांनी चिमट्यांनी आवळल्या, म्हणजे हीटर कोअर बाकीच्या यंत्रणेपासून तोडला, आणि पुन्हा तेवढाच दाब भरला. दुसरा चहा झाला. काटा जागचा हलला नाही.

आम्ही अर्थशास्त्रात 'इतर परिस्थिती कायम राहिल्यास' असे प्रत्येक सिद्धान्ताच्या आधी लिहितो, आणि इतर परिस्थिती कधीच कायम नसते म्हणून सुटकाही करून घेतो. इतर परिस्थिती खरोखर कायम ठेवून एकच घटक बदललेला मी त्या सकाळी प्रथम पाहिला.

मी उस्तादांना माझी शंका विचारली. इतके कूलंट गेले, मग तापमानाचा काटा मध्यावर कसा? ते हसले. अनेक गाड्यांत काटा मुद्दामच असा बसवलेला असतो की, इंजीन थोडे कमी-अधिक तापले तरी तो मध्यावरून हलू नये; मालक घाबरून सारखा गॅरेजात येऊ नये म्हणून ही सोय. शिवाय तापमान मोजणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तोवरच खरे सांगतो. पातळी त्याच्याखाली गेली की तो कोरडा पडतो, आणि इंजीन भाजत असतानाही काटा निवांत राहू शकतो. "पाणी संपल्याची खबर पाण्याकडूनच मिळते साहेब, मग ती कोण देणार?" असे काहीसे ते म्हणाले. मी ज्या काट्याच्या भरवशावर तीन आठवडे घरच्या माणसाला खोटे ठरविले होते, त्याची साक्ष ज्या वेळी सर्वांत गरजेची, त्याच वेळी ती निरुपयोगी होती.

आता उपाय. बाजारात गळती बंद करणारी पूड मिळते. जुने ड्रायव्हर रेडिएटरमध्ये हळद टाकीत. उस्तादांनी दोन्हींना नकार दिला. भोक बुजविणारी वस्तू कोणते भोक बुजवायचे हे विचारत नाही. हीटरबरोबर ती रेडिएटरच्या बारीक नळ्याही तुंबवते. दुसरा मार्ग बायपासचा. हीटरच्या दोन नळ्या एकमेकींना जोडून टाकायच्या, म्हणजे कूलंट हीटरकडे जातच नाही. वीस मिनिटांचे काम, गळती बंद, हीटरही बंद. जबलपूरला हिवाळ्याचे दोन महिने शाल पांघरून काढता येतात. टोरांटो किंवा शिकागोच्या वाचकांना ही सोय नाही, हे मी जाणतो. तिसरा मार्ग डॅशबोर्ड उतरवून नवा कोअर बसविण्याचा. आम्ही त्या दिवशी बायपास केला आणि सुटा भाग नागपूरहून आल्यावर दोन दिवस गाडी उस्तादांकडे ठेवली.

ते दोन दिवस मी रजा काढून तेथे बसलो. प्रथम बॅटरीची तार काढून त्यांनी गाडी काही वेळ तशीच ठेवली, कारण एअरबॅग असलेल्या डॅशबोर्डला वीज असताना हात लावायचा नाही. मग एका पुठ्ठ्यावर डॅशबोर्डची आकृती काढली आणि निघालेला प्रत्येक स्क्रू आकृतीत त्याच्या जागी टोचून ठेवला. परत बसविताना एकही उरला नाही. नस्तीतील पृष्ठांकन इतके चोख मी फार थोड्या कार्यालयांत पाहिले आहे.

जुना कोअर बाहेर आल्यावर त्यांनी तो करवतीने कापला. नळ्यांत पांढऱ्या खडूसारखी पुटे होती आणि एका कोपऱ्यात धातू चाळणीसारखा झालेला. "नळाचे पाणी कोण घालत होते?" त्यांनी विचारले. मी म्हणालो, "मी." कूलंटमध्ये गंज रोखणारी द्रव्ये असतात. साधे पाणी ओतत गेले की ती पातळ होतात, जड पाण्यातले क्षार साचतात आणि धातू आतून खाल्ला जातो. पहिली गळती केवळ वयाने झालेली असू शकेल. परंतु भोक मोठे केले ते माझ्या पुरवण्या मागण्यांनी.

नवा कोअर बसला. यंत्रणा धुऊन कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे भरले. गाडीचे तोंड चढावर ठेवून, हीटर पूर्ण गरमवर लावून, थंड इंजीन झाकण उघडे ठेवूनच सुरू केले आणि बुडबुडे थांबेपर्यंत चालू ठेवले, कारण आत अडकलेली हवा ही पुढच्या दुखण्याची सुरुवात असते. गालिचा गरम पाण्याने धुतला, खालचा फोम फेकून नवा घातला, काच आतून तीनदा पुसली. हे शेवटचे काम लोक टाळतात, आणि मग गळती थांबल्यावरही महिनाभर वास येत राहतो; ग्लायकॉल सहजी उडून जात नाही.

जुने कूलंट पोराने गटारात ओतायला घेतले होते. उस्तादांनी ते कॅनमध्ये भरून झाकण लावायला लावले. गल्लीत शेळ्या बांधलेल्या होत्या आणि कुत्री फिरत होती. हे पाणी गोड लागते, जनावर ते चाटते आणि दोन-तीन दिवसांत मरते, हे त्यांनी पाहिले होते. कूलंटमधील इथिलीन ग्लायकॉलचे शरीरात ऑक्झॅलिक आम्ल होते, त्याचे स्फटिक मूत्रपिंडात साचतात. मुलांनाही त्याची गोडी तितकीच धोक्याची.

ही हकीगत मी आज लिहीत आहे त्याचे कारण येथे आहे. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये जबलपूर विभागातल्याच छिंदवाडा जिल्ह्यात, परासियाच्या परिसरात, खोकल्याच्या औषधाने २० हून अधिक लहान मुले दगावली. सर्दी-तापावर औषध दिलेल्या मुलांची लघवी बंद होऊ लागली. अनेकांना उपचारासाठी नागपूरला नेण्यात आले. त्या औषधात इथिलीन ग्लायकॉलचे भावंड असलेले डायइथिलीन ग्लायकॉल ४८.६ टक्के निघाले. मान्य मर्यादा ०.१ टक्का. आपल्या मुंबईत १९८६ साली जे. जे. रुग्णालयात याच द्रव्याने दूषित झालेल्या ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण गेले होते, आणि न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने औषध-प्रशासनाची लक्तरे वेशीवर टांगली होती. दोन्ही घटनांत ३९ वर्षांचे अंतर आहे. छिंदवाड्याच्या बाटलीवर घटकांची यादी छापलेली होती, आणि विष त्या यादीत नव्हते. तेथेही काटा मध्यावरच होता.

एवढ्या मोठ्या दुःखाशी माझ्या गाडीची तुलना करण्याचा अविचार मी करणार नाही. मला बोलायचे आहे ते माझ्याच टेबलाविषयी. गाडी दुरुस्त झाली त्याच आठवड्यात मी कार्यालयात वर्षभरात निकाली काढलेल्या तक्रारींची नस्ती मागविली. त्यांत एका निवृत्त कर्मचाऱ्याचे आंतर्देशीय पत्र होते. निवृत्तिवेतनाचा जो अंश त्याने अंशराशीकरण करून आगाऊ घेतला होता, तो १५ वर्षांनंतर पूर्ववत व्हायला हवा होता. आपली १५ वर्षे भरली तरी कपात चालूच आहे, असे त्याने लिहिले होते. आमच्या अहवालात 'देय रक्कम नियमानुसार अदा' असे होते आणि त्या अहवालावर विसंबून खाली माझी सही होती. अहवाल तयार करणाऱ्याने संगणकाचा पडदा पाहिला होता. ज्या तारखेवरून तो पडदा हिशेब करीत होता, ती तारीख कोणीच पाहिली नव्हती. मूळ आदेश काढून मोजले. म्हातारा बरोबर होता. सात महिने कपात जास्तीची झाली होती.

थकबाकी देण्याचा आदेश काढला आणि दिलगिरीचे पत्र माझ्या सहीने पाठविले. त्याचे उत्तर आले, त्यात आभार होते आणि एक वाक्य असे होते की, हे तिसरे पत्र होते. पहिली दोन शोधली, ती नस्तीत सापडली. दोन्हींवर 'पाहिले' असे लिहिलेले होते. एकावरचे अक्षर माझे होते.

तेव्हापासून तक्रार वाचताना मी उस्तादांचा क्रम पाळण्याचा प्रयत्न करतो. प्रथम कोणाला जाणवले आणि ते काय म्हणाले, हे त्यांच्याच शब्दांत वाचायचे, अहवाल नंतर. दर वेळी जमतेच असे नाही. असो.

घरी गाडी आणली तेव्हा सौ. पुढच्या आसनावर बसली, हीटर लावला आणि दोन मिनिटे काही बोलली नाही. मी काट्याकडे न पाहता तिच्याकडे पाहत होतो. "आता नाही येत," ती म्हणाली. मगच मी गाडी रस्त्यावर काढली.